चकतीवरचा चरा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही, देवळात उभा राहून देवालासुद्धा नाही. आणि देवळात सांगायची वेळ तर एकदा अशी समोर चालून आली होती की... पण थांबा. ते नंतर. ते आधी सांगितलं तर तुम्हाला वाटेल, एवढंच होय? आणि ते एवढंच नाही.

माझं नाव मन्मथ. बीडचा. आमचं किराणा दुकान होतं, अण्णांची इच्छा मी गल्ल्यावर बसावं अशी. मी बसलो नाही. रसायनशास्त्रात बी.एस्सी. केली आणि गावाबाहेरच्या औषधाच्या कारखान्यात चिकटलो, तो निवृत्त होईपर्यंत तिथंच. मी लई बोलतो, असं घरी सगळे म्हणतात. खरं आहे. एक गोष्ट पोटात ठेवायची तर बाकीच्या गोष्टी सारख्या बोलत राहाव्या लागतात. निदान माझं तरी तसंच झालं.

माझ्यासमोर टेबलावर एक चकती आहे. कोटाच्या बटणाएवढी, तपकिरी, टणक प्लॅस्टिकसारख्या कशाची तरी. तिच्यावर तीन छोट्या वाकड्या खाचा आहेत. आणि दोन खाचांच्या मधे एक चरा — उजेडात तिरकी धरली तरच दिसतो. आमच्या सूनबाईंनी एकदा ती कचरा म्हणून टाकून दिली होती. मी कचऱ्याच्या डब्यात हात घालून काढली, तेव्हा त्या बघतच राहिल्या. काय आहे हे, बाबा? काही नाही, म्हणालो. जुन्या मशीनचा भाग आहे.

ते मशीन आलं तेव्हाची वर्षं तुम्हाला आठवत असतील. सगळं बाहेरून यायला लागलं होतं. परवाने गेले, परमिटं गेली, असं पेपरात रोज छापून यायचं. बीडला ते कसं कळायचं? तर स्टँडसमोरच्या टपरीत परदेशी कोला आला, गल्लीत केबल आली, आणि आमच्या कारखान्यात लाकडी खोक्यातून एचपीएलसी आलं. औषधात कोणता घटक नेमका किती आहे हे सांगणारं मशीन. तोवर आम्ही काचेच्या नळ्यांत थेंब थेंब टाकून, रंग बदलायची वाट बघत ते काम करायचो. खोकं उघडलं तेव्हा आतल्या भुशालासुद्धा वेगळा वास होता, आणि मी मूठभर भुसा खिशात घालून घरी नेला. कावून नेला, ते मला आजही सांगता येणार नाही.

आता त्या मशीनमधली मला वेड लावणारी जागा सांगतो. पंप एक द्रव सारखा ढकलत असतो, ट्रकच्या टायरमधल्या हवेपेक्षा कितीतरी पट जास्त दाबानं. त्या धावत्या द्रवात तुम्हाला औषधाचा एक इवलासा थेंब सोडायचाय. प्रवाह न थांबवता. कसा सोडाल? नळी उघडली तर फवारा तोंडावर येईल. तर त्यासाठी पुढच्या बाजूला एक व्हॉल्व्ह असतो. बाहेरून बघाल तर काही नाही, चकचकीत पोलादाचा गोळा, मधे सुई घालायला भोक आणि एक छोटी दांडी. दांडी एकीकडे असताना सुईनं औषध भरायचं, ते आतल्या नळीच्या वेटोळ्यात जाऊन बसतं. मग दांडी खटकन दुसरीकडे फिरवायची. झालं! पंपाचा प्रवाह त्या वेटोळ्यातून वळतो आणि औषध घेऊन पळतो. एक थेंब सांडत नाही.

बसवायला आलेला माणूस हे हिंदीत समजावत होता आणि आम्ही सगळे माना डोलवत होतो. कुणाला काही कळलं नव्हतं. तेव्हा शैला म्हणाली, "म्हंजी दारं धरल्यावानीच की! या सरीचं तोंड बंद केलं, त्या सरीचं उघडलं. पाणी काय थांबत न्हाई." सगळे हसले, पण समजलं सगळ्यांना ते तिच्याच बोलण्यातून.

शैला आष्टीकडची. माझ्यासारखीच बी.एस्सी., माझ्याबरोबरच लागलेली, बीडला मामांकडे राहायची. मला दादा म्हणायची. बोलणं एकदम मोकळं, चेष्टा केली तर उलट दोन ऐकवायची. तिच्या घरचं मला ठाऊक होतं, तिनंच डबा खाताना सांगितलेलं. वडलांनी तिला दिवाळीपर्यंतची मुभा दिली होती. तोवर कंपनीनं कायम केलं तर नोकरी कर, नाहीतर गुमान घरी ये, स्थळ तयार आहे. आणि कंपनी दिवाळीत आम्हा दोघांपैकी एकाला कायम करणार होती. ज्याच्या हातात मशीन द्यायचं, त्याला.

ते तिच्याच हातात जाणार हे उघड होतं. सांगतो कावून. त्या व्हॉल्व्हची दांडी फिरवणं दिसायला सोपं आहे, पण हळू फिरवली की मधल्या मधे प्रवाह अडतो, दाब चढतो, उत्तर बिघडतं. धसमुसळेपणा केला तरी तेच. एकच औषध पुन्हा पुन्हा घातलं तर उत्तरं जुळायला हवीत ना? माझी जुळता जुळता राहायची. शैलाची कागदावर अशी एकाखाली एक यायची की छापाचा गणपती काढल्यासारखी. सुईवाल्या चांगल्या डॉक्टरबद्दल आपण म्हणतो ना, हात हलका आहे म्हणून? तसा तिचा हात होता. साहेब, म्हणजे आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख, औरंगाबादचे, तोंडानं भयंकर फटकळ — तेसुद्धा तिची दांडी फिरवायची पद्धत मला मागं उभं करून दाखवायचे. बघ, शिक. मी बघायचो. आणि राग यायचा का? यायचा. थोडा यायचा.

मशीनची सुई मात्र वेगळी असते, हे सांगायला हवं. टोक नसतं तिला, सपाट कापलेली, भोथरी. आम्हाला काय माहीत! इंजेक्शन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं दवाखान्याचीच सुई येते. पहिल्याच आठवड्यात शैलानं तशी टोकदार सुई उचलली आणि व्हॉल्व्हपाशी नेली. लावली नाही, नेली फक्त. साहेब दारातूनच ओरडले, "ए बाई! तो काय पेशंट आहे का? टोक लागलं आत तर चकतीला चरा पडेल, मशीन बसेल!" सगळ्यांसमोर. ती बिचारी कानापर्यंत लाल झाली. पुढं कित्येक दिवस गफूरभाई इलेक्ट्रिशियन तिला डॉक्टरीणबाई म्हणायचा.

त्या दिवशी मी पहिल्यांदा ऐकलं की आत एक चकती असते. आणि माझं झालं. तुम्हाला असं होतं का हो, की एखादी बंद वस्तू बघितली की तिच्या आत काय आहे याशिवाय दुसरं काही सुचत नाही? मला लहानपणापासून. अण्णांचा तराजू खोलला, आईचा स्टोव्ह खोलला, शेजारच्या काकांचा रेडिओ खोलला. रेडिओचं पुढं काय झालं ते विचारू नका. काकांना वाटलं उंदरानं वायर कुरतडली, आणि मी त्यांना तसं वाटू दिलं. आता हे लिहिताना ध्यानात येतंय, म्हणजे सुरुवात तिथं होती तर.

साहेबांची ताकीद होती, व्हॉल्व्हला कुणी पाना लावायचा नाही. मी पुस्तिकेतलं चित्र बघत बसायचो. एका बाजूला सहा भोकं, दुसऱ्या बाजूला फिरणारी चकती, तिच्यावर तीन खाचा. प्रत्येक खाच दोन भोकं जोडते. दांडी फिरली की तीच खाच शेजारच्या दोन भोकांना जोडते. चित्रात समजत होतं. पण नुसत्या एका सपाट चकतीवर दुसरा सपाट तुकडा घट्ट दाबलाय, मधे रबर नाही, काही नाही, आणि एवढ्या दाबाचा द्रव कडेनं सुटत नाही? माझा विश्वासच बसेना. चपाती लाटताना आई विचारायची, कुठं हरवलास रे? मी त्या चकतीत असायचो.

मग खंडेनवमी आली.

आमच्याकडे त्या दिवशी कारखान्यात काम नसायचं, नुसती पूजा. सगळी यंत्रं बंद करायची, धुवायची-पुसायची, हळदकुंकू, झेंडूचा हार. बॉयलरपासून सायकलीपर्यंत सगळ्यांना हार. एकदा पूजा झाली की दसरा होईपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही, असा रिवाज. आमच्या एचपीएलसीची ती पहिलीच खंडेनवमी. शैलानं सकाळीच मामांच्या घरून झेंडू आणले होते आणि घरातली हार ओवायची लांब सुई. प्रयोगशाळेच्या ओट्यावर बसून ती ओवत होती. परदेशी मशीनला तिनं नजर लागू नये म्हणून लिंबूसुद्धा बांधलं, वर म्हणाली, "लई लांबून आलंय बिचारं. पयल्यांदाच हार बघतंय."

आरती बॉयलरपाशी होती. सगळे निघाले. गफूरभाईनं दारातून हाक मारली, "चल बे मन्मथ, पेढे संपतील!" मी म्हणालो, व्हा पुढं, एवढं पुसून आलोच. शैलाचा हार अर्धा ओवून झाला होता, सुई त्यातच अडकवून ती पण गेली.

आणि मी पाना काढला.

अजून पूजा झालेली नाही, म्हणजे हात लावायला हरकत नाही — असं मी स्वतःला समजावलं, ते आठवतं. रिवाज पाळला बघा मी! स्क्रू सैल केले, पुढचा पोलादी तुकडा अलगद सुटून हातात आला. आणि चकती दिसली. काय सांगू तुम्हाला! एवढीशी. तपकिरी. तीन खाचा, जणू नखानं कोरल्यात. बस, एवढंच. मी ती काढून तळहातावर घेतली आणि फिरवली, इकडे लोड म्हणजे भरा, इकडे इंजेक्ट म्हणजे सोडा, इकडे परत लोड. एकट्यानं हसत होतो. इतका आनंद मला त्याआधी कधी झाला होता, आठवत नाही. नंतरही फार वेळा झाला नाही. हे सांगायला लाज वाटायला हवी, पण तो आनंद खरा होता, तो मी खोटा कसा म्हणू?

तेवढ्यात दिसलं की एका खाचेत काहीतरी पिवळं आहे. झेंडूची पाकळी. माझ्याच बोटाला लागून आलेला तुकडा. फुंकर मारली, निघेना. पाण्यानं धुवायचं सुचलं नाही. बाहेरून आरतीचे शेवटचे शब्द ऐकू येत होते, आता लोक परत येणार. ओट्यावर हार होता. हारात सुई. मी ती ओढून घेतली आणि टोकानं पाकळी उचकटली. निघाली पाकळी. आणि सुई सटकली.

आवाजसुद्धा झाला नाही. या खाचेपासून त्या खाचेपर्यंत एक रेघ. केसासारखी.

मी बघितली ती. मला दिसली नाही, असं म्हणायचा मोह मला इतकी वर्षं होत आलाय, म्हणून इथं नीट लिहून ठेवतो. दिसली. मी बोटानं चोळली, जशी काय पुसली जाणार होती. मग सगळं परत बसवलं, स्क्रू आवळले, सुई हारात अडकवली, आणि बॉयलरपाशी जाऊन पेढा खाल्ला. एवढ्याशा रेघेनं काय होतंय?

दसऱ्यानंतर मशीन सुरू केलं ते शैलानं. साहेबांनी तिलाच सांगितलं होतं. मुलांच्या खोकल्याच्या औषधाची मोठी खेप तयार होती, तपासून पाठवायची होती. तिनं दांडी फिरवली, उत्तर आलं कमी. पुन्हा फिरवली, वेगळंच आलं. पुन्हा, आणखी वेगळं. सुईच्या भोकातून बारीक थेंब बाहेर यायला लागला. होणारच होतं ते. दोन खाचांतली रेघ म्हणजे दोन सऱ्यांतला बांध फुटल्यागत, औषध जायचं तिकडे न जाता मधेच झिरपत होतं. हे मला त्याच क्षणी कळलं. खरं सांगतो, पहिली भावना भीतीची नव्हती. पहिली भावना अशी — अच्छा! म्हणजे असं होतं तर! मी मनातल्या मनात समजून घेत होतो, आणि शेजारी ती पोरगी घामाघूम झाली होती.

तिनं काय काय केलं नाही! नळ्या धुतल्या, द्रावणं नव्यानं केली, सुई बदलली. स्वतःची बोटं दाबून बघायची, थरथरतात का म्हणून. "दादा, माझंच काईतरी चुकतंय का? तुमी करून बघा एकदा." मी करून बघितलं. माझंही चुकलं, अर्थात. मी म्हणालो, माझ्याकडूनही होत नाहीये. शब्द न शब्द खरा.

खेप अडकली, वरून फोनावर फोन, साहेब पिसाळले. शेवटी पुण्याहून इंजिनिअर आला. त्यानं व्हॉल्व्ह उघडला, चकती काढली, भिंगाखाली धरली आणि अगदी सहज म्हणाला, "टोकदार सुई लावलीये कुणीतरी."

कुणीही कुणाचं नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती. सगळ्यांच्या माना शैलाकडे वळल्या. तिला तर आधी समजलंच नाही. मग समजलं. "मी न्हाई लावली, साहेब. त्या दिवशी नुसती हातात घेतलती. लावली न्हाई." साहेब एरवी ओरडायचे, त्या दिवशी ओरडले नाहीत. त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं आणि विचारलं, "मन्मथ, तू बघ. चरा आहे का?"

मी भिंगातून बघितलं. माझी रेघ, आता दोरखंडासारखी जाड दिसत होती.

"हो," मी म्हणालो. "चरा आहे."

विचार करा, हेही खरंच होतं. याचंच मला आजवर नवल वाटत आलंय. त्या सगळ्या प्रकरणात मी एक शब्दसुद्धा खोटा बोललो नाही. खोटं न बोलता माणूस किती खोटं करू शकतो, ते मला तिथं कळलं. का गप्प बसलो? नोकरी जाईल म्हणून? ती गेली नसती, शिव्या बसल्या असत्या फार तर. मशीन मला मिळावं म्हणून? तेव्हा तसं वाटत नव्हतं, पण मिळालं मलाच. मी हे पुष्कळ खोलून बघितलंय, तराजूसारखं, रेडिओसारखं. आत काही सापडत नाही. नुसता एक माणूस हातात भिंग घेऊन उभा आहे, आणि त्याला बोलता येतंय, आणि तो बोलत नाहीये.

इंजिनिअरनं नवी चकती बसवली, जुनी टोपलीत टाकली. ती मी उचलली.

शैलाला बाटल्यांना लेबलं लावायच्या खात्यात पाठवलं. ती कुणाला उलटून बोलेनाशी झाली, डबा एकटीच खायला लागली. दिवाळीत मला कायम केलं. आष्टीच्या गाडीत तिला बसवून द्यायला मी स्टँडवर गेलो होतो. बघा, गेलो होतो! तिची वळकटी वर टाकली, खिडकीतून केळी दिली. ती म्हणाली, "मशीन सांभाळा, दादा. हात हलका ठेवा." गाडी हलली. मी घरी येऊन पोटभर जेवलो.

पुढं मी त्या व्हॉल्व्हमधला दादा झालो. लांबलांबून मला बोलवायचे. नवी पोरं यायची, त्यांना मी शिकवायचो, तासन्‌तास, चकती कशी, खाचा कशा, चरा कसा. सुई भोकातून चुकीची गेली तर चरा भोकाच्या तोंडाशी पडतो. दोन खाचांच्या मधे, आडवा, तो तिथं सुई घालून पडूच शकत नाही. तो व्हॉल्व्ह उघडल्याशिवाय पडत नाही. पुण्याच्या इंजिनिअरनं क्षणभर जास्त बघितलं असतं तर त्याला तिथंच कळलं असतं. मला हे पुरतं ठाऊक झालं, आणि पोरांना शिकवताना हे एवढं मी दर वेळी गाळलं. त्यांना काय कळणार होतं? तरी गाळलं.

आता ते देवळातलं.

लिंबागणेशला गेलतो आम्ही, संकष्टीला, मी आणि बायको. बरीच वर्षं मधे गेली होती. रांगेत मागून आवाज आला, "मन्मथ दादा न्हवं का?" शैला. केस पांढरे, चेहरा तसाच मोकळा. शेजारी तिची मुलगी, नुकतीच दहावी झालेली. शैलाच्या नवऱ्याचं खत-बियाणाचं दुकान, बरं चाललं होतं. माझ्या बायकोला तिनं लगेच वहिनी करून टाकलं, दोघी हसल्या-बोलल्या. मग रांग थबकली आणि ती माझ्याकडे वळली.

"दादा, एक इचारू का? लई वर्सं झाली, पर डोक्यातून जात न्हाई. ती दवाखान्याची सुई मी परत हातात घेतल्याचं मला काय आठवत न्हाई. मंग तो चरा कसा पडला? सुई न लागता तसा चरा पडतो का हो? तुमाला तर आता समदं माहीत असंल."

ती भांडत नव्हती. आरोप तर लांबच. तिला खरोखर जाणून घ्यायचं होतं — मला व्हॉल्व्हच्या आत काय आहे ते जाणून घ्यायचं होतं ना, अगदी तसं. इतकी वर्षं ती एकटीच ते कोडं घेऊन बसली होती, आणि साऱ्या जिल्ह्यात त्याचं उत्तर ठाऊक असलेला एकच माणूस तिच्यापुढं फुलाची पुडी धरून उभा होता.

मी म्हणालो, "नाही. सुई लागल्याशिवाय तसा चरा पडत नाही."

हेच ते. हेच मला तुम्हाला सांगायचं होतं. खंडेनवमीचा मी तरुण होतो, घाबरलो, म्हणता येईल. भिंगाच्या वेळी सगळे बघत होते, म्हणता येईल. लिंबागणेशला मी पन्नाशी ओलांडलेला माणूस होतो. मला कुणाची भीती नव्हती, माझं काही जाणार नव्हतं. आणि तरी मी सगळ्यांत खरं वाक्य निवडून काढलं आणि तिला दिलं.

तिनं मान हलवली. बेरीज जुळल्यावर माणूस हलवतो तशी. "मंग मीच लावली असंल, घाईघाईत. आठवत न्हाई, एवढंच." आणि मुलीकडे वळून हसत म्हणाली, "बघ, म्हणलं नव्हतं तुला? आपल्या घरात हात जड हायत. ते फार्मसी-बिर्मसी आपल्याला न्हाई झेपायचं. कॉमर्स घे गुमान."

मुलीनं माझ्याकडे बघून विचारलं, "काका, त्या व्हॉल्व्हच्या आत काय असतं?"

मी, जो शाळेतल्या पोरांपासून कंपनीच्या मालकापर्यंत सगळ्यांना न विचारता ते सांगत आलो, त्या मी तिला काहीही सांगितलं नाही. रांग सरकली. मी सरकलो.

तिनं कॉमर्स घेतलं, असं नंतर आष्टीकडच्या एकानं सांगितलं.

चकती समोर आहे. आज ऊन चांगलं पडलंय, चरा स्पष्ट दिसतोय. सुई शैलाची होती, हार ओवायची. ती हारातून काढली मी आणि फिरवली मी. शैलाचा हात जड नव्हता. आमच्या अख्ख्या कारखान्यात तेवढा हलका हात दुसरा नव्हता. हे मला भिंगातून बघताना माहीत होतं, आणि तिच्या मुलीपुढं गप्प उभा होतो तेव्हाही माहीत होतं.